नागपुरातून माहितीपट आणि कथापट : स्वतंत्र चित्रपटकर्त्याच्या व्यवसायाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात राहून माहितीपट आणि कथापट करतो. महाविद्यालयांतील कार्यशाळांत, चित्रपट दाखवून झाल्यावर सभागृहाबाहेरच्या चहावर आणि ओळख नसलेल्या तरुणांच्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी चूक महाग पडते; काही चार ओळींत संपली आहेत, कारण तेथे सांगण्यासारखे फारसे नाही.

स्वतंत्र चित्रपटकर्ता म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे ‘स्वतंत्र’ हा शब्द बहुधा शैलीपुरता वापरला जातो. गाणी नाहीत, ओळखीचे चेहरे नाहीत आणि शेवट गोड नाही, की चित्रपट स्वतंत्र ठरतो. मला हा प्रश्न मालकीचा वाटतो. विषय कोणी निवडला, शेवटचा कट कोणाच्या शब्दावर लॉक झाला आणि तयार चित्रपटाचे हक्क कोणाकडे राहिले, या तिन्हींचे उत्तर ‘मी’ असेल तर तो चित्रपटकर्ता स्वतंत्र, मग तो लग्नाचे व्हिडिओ करून पोट भरत असला तरी. प्रताधिकार कायदा, १९५७ हा चित्रपटाचा कर्ता म्हणून दिग्दर्शकाला नव्हे, तर निर्मात्याला ओळखतो, आणि हे हक्क चित्रपट प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. माझ्या पहिल्या माहितीपटाचे हक्क आजही माझ्याकडे नाहीत. ज्या संस्थेने खर्च दिला तिच्या कपाटात तो पडून आहे, आणि मला तो विद्यार्थ्यांना दाखवायचा असेल तर पत्र लिहून परवानगी मागावी लागते. करारावर सही मीच केली होती, आणि न वाचता केली होती.

नागपुरात राहून हे काम करता येते का, की मुंबईला जावेच लागते?

मुंबईला जावे लागते, राहावे लागत नाही. ध्वनिमिश्रण, कलर ग्रेडिंग, चित्रपटगृहासाठीची डीसीपी प्रत आणि काही भेटीगाठी यांसाठी वर्षातून चार-पाच खेपा होतात. रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येते, आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून सामान घेऊन स्वतःच्या गाडीने जाणेही सोयीचे झाले आहे.

नागपूर जे देते ते म्हणजे वेळ. घरभाडे कमी, प्रवासात दिवस जात नाही, आणि म्हणून एखाद्या विषयामागे दोन वर्षे राहणे परवडते. माहितीपटात हाच खरा भांडवली खर्च असतो. मारबतीचे उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, चालू घडामोडींवर टीका करणारे पुतळे म्हणजे बडगे निघतात, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते आणि दुपारपर्यंत सगळे संपते. बाहेरून आलेल्या पथकाला त्या गर्दीची दृश्ये मिळतात आणि चुकले तर वर्षभर थांबावे लागते. येथे राहणाऱ्याला मात्र बांबू आणि कागद घेऊन मारबत बांधायला बसलेली माणसे, वर्गणीवरून होणारे वाद आणि यंदाच्या बडग्यावर कोणाला चढवायचे याची खलबते आठवडेच्या आठवडे टिपता येतात. दीक्षाभूमी, कोराडीची वीजकेंद्रे, उमरेडच्या कोळशाच्या खाणी, पेंचचे जंगल, वर्धा आणि सेवाग्राम हे सगळे सकाळी निघून रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहे. रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याची घोषणा झाली आहे. ती उभी राहिली तर आनंदच आहे; तोवर तिच्या भरवशावर कोणी कॅमेऱ्याचे कर्ज काढू नये.

चित्रपटाचे औपचारिक शिक्षण आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, उपयोगी आहे. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० मध्ये आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था १९९५ मध्ये सुरू झाली. तेथे शिकून मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आयुष्यभर एकमेकांच्या चित्रपटात काम करणारे सोबती. प्रवेश मिळाला तर जरूर जावे. नाही मिळाला तर आधी संकलन शिकावे, असा माझा आग्रह आहे, कारण दुसऱ्याने चित्रित केलेले ४० तासांचे फुटेज बसून पाहिल्याशिवाय काय चित्रित करायला हवे होते हे कळत नाही. अनुदान देणारे किंवा महोत्सव भरवणारे यांपैकी कोणीही मला आजवर पदविका विचारलेली नाही.

माहितीपट आणि कथापट दोन्ही का करता? एकावर लक्ष केंद्रित करणे बरे नव्हे का?

बाजाराच्या दृष्टीने बरे असेलही. माझ्या बाबतीत मात्र एका प्रकाराने दुसऱ्याला पोसले आहे. माहितीपटामुळे माणूस खरोखर कसा बोलतो हे कानात बसते: तो मुद्द्याचे शेवटी सांगतो, मध्येच म्हशीकडे पाहतो, रागावला की आवाज चढवण्याऐवजी आदराने बोलू लागतो. ही निरीक्षणे कथापटाच्या संहितेत उतरतात आणि संवाद सुटसुटीत होतात. उलट कथापटामुळे दृश्य म्हणजे काय ते समजते, म्हणजे कोणाला काय हवे आहे आणि आड काय येते. ही जाणीव नसलेला माहितीपट नुसत्या मुलाखतींची चळत होऊन बसतो.

याहून महत्त्वाचे कारण असे की काही गोष्टी माहितीपटात सांगता येत नाहीत. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, पीडित बालक असेल तर बंधने आणखी कडक आहेत, आणि कायदा आड येत नसला तरी माणसाची भाकरी आड येते. कोळशाच्या पट्ट्यातील एका कंत्राटी कामगाराने कॅमेरा बंद झाल्यावर मला दोन तास जे सांगितले, ते तो कॅमेऱ्यासमोर कधीच सांगणार नव्हता आणि त्याने ते सांगावे असा आग्रह धरणे योग्यही नव्हते. त्या दोन तासांतून तीन वर्षांनी एक कथापट झाला. त्यात गाव, खाण, कुटुंब आणि घटनेचा क्रम सगळे बदलले आहे, फक्त त्याची भीती तशीच ठेवली आहे. संहिता लिहून झाल्यावर ती त्याला वाचून दाखवली होती. तो एवढेच म्हणाला की त्या माणसाने मुकादमाला नमस्कार करायला हवा होता, आणि ते दृश्य बदलले.

दोन्हींची सरमिसळ करताना एक पथ्य पाळावे. माहितीपटात एखादा प्रसंग नटांकडून करवून घेतला असेल तर प्रेक्षकाला ते कळले पाहिजे.

घर कसे चालते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुधा एकांतात विचारला जातो. माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या कामातून येतो: सामाजिक संस्थांचे अहवालपट, कारखान्यांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या फिती, शासकीय विभागांचे योजनापट, महाविद्यालयांतील तासिका, आणि सुरुवातीची सहा वर्षे लग्ने. लग्नाच्या चित्रीकरणाला नाक मुरडणाऱ्यांना मी इतकेच सांगतो की पुन्हा न घडणारा प्रसंग, अपुरा प्रकाश, सतत हलणारी गर्दी आणि मध्ये येणारे काका या परिस्थितीत नेमका क्षण पकडण्याचा सराव आणखी कोठे मिळत नाही. शिवाय नागपुरात चांगले कॅमेरे, गिंबल, दिवे आणि ड्रोन यांचा साठा आहे तो लग्नाच्या धंद्यातल्या लोकांकडेच.

यातून वर्षाचे वेळापत्रक आपोआप ठरते. तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू होते, तेव्हा कॅमेऱ्याचे भाडे चढलेले असते आणि चांगला कॅमेरामन मोकळा नसतो. चातुर्मासात हेच साहित्य जवळपास निम्म्या भाड्यात मिळते आणि माणसेही मोकळी असतात. म्हणून चातुर्मास हा माझ्या स्वतःच्या चित्रपटांचा हंगाम झाला आहे. पावसाने दिवस वाया जातात, पण ते दिवस स्वस्त असतात.

व्यवहाराबद्दल थोडे. निम्मे मानधन काम सुरू होण्यापूर्वी, ३० टक्के रफ कटनंतर, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची जुळणी झाल्यावर, आणि उरलेले २० टक्के अंतिम प्रत हाती देण्यापूर्वी, असे मी करारातच लिहून घेतो. हा धडा एका विभागाने १४ महिने देयक अडकवून ठेवल्यावर शिकलो. व्यावसायिक मानधनातून साधारणपणे १० टक्के कर आधीच कापला जातो, तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र वेळेवर भरावे लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते आणि देयकावर १८ टक्के आकारावे लागतात. याहून पुढचे सनदी लेखापालाला विचारावे, आणि असा लेखापाल पहिल्या वर्षापासून धरावा.

चित्रपटासाठी पैसा कोठून आणायचा?

पहिल्या चित्रपटाचा पैसा स्वतःचा आणि मित्रांचा असतो; यापेक्षा वेगळे उत्तर मी अजून ऐकलेले नाही. त्यानंतर काही दारे उघडतात. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलाविषयक प्रकल्पांना अनुदाने देते. कोलकात्याच्या डॉकएज या मेळाव्यात माहितीपटकर्ते आपले अर्धवट काम देशी-परदेशी निर्माते आणि वाहिन्यांच्या प्रतिनिधींसमोर मांडतात. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) जो फिल्म बाजार भरवते, तो २००७ पासून सुरू आहे आणि तेथे कथापटांच्या संहिता सहनिर्मात्यांपर्यंत पोहोचतात. ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाचा बर्था निधी आपल्यासारख्या देशांतील माहितीपटांसाठीच आहे. परदेशातून पैसा घेताना विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो की नाही, हे रक्कम खात्यात येण्यापूर्वी तपासून घ्यावे, आल्यानंतर नव्हे.

महाराष्ट्र शासनाची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अर्थसाहाय्य योजना आहे आणि तीत चित्रपटांना श्रेणी देऊन रक्कम ठरते. परंतु ती पूर्ण झालेल्या चित्रपटाला मिळते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च आधी आपल्यालाच उभा करावा लागतो. या पैशाच्या भरवशावर व्याजाने रक्कम उचललेले मित्र मी पाहिले आहेत. चित्रपट झाला, श्रेणीही मिळाली, पण मधल्या काळात व्याजाने घर विकायला लावले.

बहुतेक अनुदानांचे प्रस्ताव इंग्रजीत लिहावे लागतात. मी आधी मराठीत पूर्ण लिहितो, कारण इंग्रजीत आपण चित्रपटाविषयी न वाटणाऱ्या गोष्टीही सहज लिहून जातो.

एका माहितीपटाला किती काळ लागतो?

विषय ठरवतो. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चे चित्रीकरण १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर सुरू झाले आणि चित्रपट पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. माझा सर्वांत जलद झालेला माहितीपट ११ महिन्यांचा होता आणि तो मला आज घाईचा वाटतो. कथापटाचे उलटे असते: चित्रीकरण १५ ते २० दिवसांत उरकावे लागते, कारण ४० माणसांची पंगत रोज उठते. वर्षे जातात ती त्याआधी, संहितेत आणि पैशात.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर माहितीपट करायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

करू नये असे म्हणणार नाही, पण आधी थांबावे असे नक्की म्हणेन. यवतमाळ, अमरावती, वर्धा या पट्ट्यातील कित्येक घरांत आजवर इतके कॅमेरे येऊन गेले आहेत की घरातल्या बाईला दिवा कोठे लागतो आणि तिने कोठे बसायचे हे न सांगता कळते. ती भिंतीवरच्या तसबिरीखाली बसते, कारण याआधीच्या प्रत्येक पथकाने तिला तेथेच बसवले होते. ती जे बोलते ते खरेच असते, फक्त ते बोलून बोलून गुळगुळीत झालेले असते आणि दर वेळी तिचा एक दिवस मोडतो. आपण आणखी एकदा तेच विचारणार असू, तर तिला द्यायला आपल्याकडे काहीही नाही.

विषय तिच्या अश्रूंच्या पलीकडे पुष्कळ आहे आणि तो कॅमेऱ्यात फारसा आलेला नाही. आत्महत्येनंतर शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, थकबाकीची नोटीस होती का, हे कागद पाहून समिती निर्णय देते, आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचे घर ‘अपात्र’ रकान्यात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या फवारणीच्या मजुरीचे गणित, कृषिसेवा केंद्रातील उधारी, गुलाबी बोंडअळी, जिनिंगच्या दारातले वजनकाट्यावरचे भांडण, नवऱ्यामागे जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी बाई, हे सगळे चित्रपटाचे विषय आहेत. यांत माणूस काही तरी करताना दिसतो, नुसता सोसताना दिसत नाही.

चित्रीकरणासाठी पैसे द्यावेत का, हाही प्रश्न येथेच येतो. बोलण्याचे पैसे मी देत नाही, बुडालेली रोजी देतो, आणि ती त्या गावात त्या हंगामात जी असेल तीच. संमती लेखी घेतो, शिवाय कॅमेऱ्यासमोर मराठीत समजावून सांगून घेतो, आणि रफ कट त्या घरात जाऊन दाखवतो. दोनदा असे झाले की पाहिल्यावर त्यांनी एखादे वाक्य काढायला सांगितले. दोन्ही वेळा ते चित्रपटातले सर्वांत चांगले वाक्य होते. काढले.

कथापटासाठी कलाकार नागपुरात मिळतात का?

भरपूर मिळतात, फक्त त्यांचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे, जिचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजे वडसा येथे आहे. दिवाळीनंतर तिचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. त्या महिन्यांत हे कलाकार रात्रभर चालणारी नाटके करत गावोगाव फिरत असतात आणि त्यांच्या तारखा आधीच गेलेल्या असतात. आषाढ-श्रावणात अनेकांची धानाची रोवणी असते. म्हणजे रोवणी संपल्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ आपला. हजारो प्रेक्षकांपर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या नटाला कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हात खाली आणायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, कारण त्यानंतर जे मिळते ते शहरी प्रशिक्षणातून सहसा मिळत नाही.

अभिनय न केलेली माणसेही घेता येतात. नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’मध्ये नागपुरातलीच वस्तीतली मुले घेतली होती. मात्र अशा माणसांना संवाद पाठ करायला लावू नये, प्रसंग समजावून सांगावा.

भाषेविषयी माझी जुनी तक्रार आहे. वऱ्हाडी म्हणजे विनोद, अशी समजूत पडद्याने करून दिली आहे. अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी वेगळी, भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी, आणि नागपूर शहरातली ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ म्हणणारी हिंदीमिश्रित मराठी आणखी वेगळी. या भाषेत माणसे कर्ज मागतात, प्रेत उचलतात आणि प्रेमही करतात. संहितेत तिन्हींची खिचडी झाली की इकडचा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत चित्रपटातून उठतो, शरीराने बसलेला असला तरी.

लहान मुलांकडून काम करून घेताना काय पाळावे लागते?

बालकामगार कायद्याखालील नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही, आणि मुलाच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. शाळा बुडता कामा नये. लघुपट असला, मूल आपल्याच भावाचे असले, तरी हे नियम पाळण्याची सवय लावून घ्यावी.

परवानग्या कोठून घ्यायच्या?

रस्ता आणि चौक यांसाठी पोलीस आणि महानगरपालिका. रेल्वेच्या बाबतीत नागपूरची एक गंमत आहे: शहरात दोन रेल्वेंची विभागीय कार्यालये आहेत. मुख्य स्थानक मध्य रेल्वेचे आणि इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी फलाट कोणाचा ते पाहावे. माझा पहिला अर्ज चुकीच्या कार्यालयात तीन आठवडे पडून होता. अभयारण्यात चित्रीकरण करायचे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली परवानगी लागते. येथे मात्र नागपूरकर सुदैवी आहेत, कारण राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि पाठपुरावा दुचाकीवर जाऊन करता येतो. कथापटात बैलजोडी, कुत्रा किंवा कोंबडी यांच्याकडून ‘काम’ करून घ्यायचे असेल तर २००१ च्या नियमांनुसार पशुकल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते. नंतर सेन्सॉरकडून ती मागितली जाते.

ड्रोनबाबत विशेष सावध राहावे. शहरात विमानतळ आहे, वायुसेनानगर आहे, कामठीला लष्कराची छावणी आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, याचा अर्थ तो लाल क्षेत्रात, म्हणजे खास परवानगीशिवाय उड्डाणाला बंदी असलेल्या भागात, उडवता येतो असा नाही.

कोणता कॅमेरा घ्यावा?

जो भाड्याने मिळतो तो. स्वतःचे पैसे ध्वनीवर खर्च करावेत: एक बरा बूम (दांडीवरचा माइक), दोन लेपल (कपड्याला लावायचे माइक), एक रेकॉर्डर. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो, न कळणारा शब्द सहन करत नाही. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवावे, नाहीतर चित्र लपलपते.

नागपूरच्या उन्हाळ्यात चित्रीकरण होते का?

पारा ४५ अंशांवर गेला की कॅमेरे तापून स्वतःच बंद पडतात, ते सावलीत आणि ओल्या फडक्याजवळ ठेवून निभावता येते. खरा शत्रू कूलर आहे. तो चालू असेल तर मुलाखतीत फक्त त्याचाच आवाज येतो, आणि बंद केला तर दहा मिनिटांत समोरचा माणूस घामाने निथळतो आणि उत्तरे आखडती घेऊ लागतो. उन्हाळ्यातल्या मुलाखती मी पहाटे सहा ते साडेआठ या वेळात उरकतो. फ्रिज बंद करायचा असेल तर आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करण्याची आठवण राहते. कोणाचे दूध नासवून पुन्हा त्या घरात जाता येत नाही.

मिरवणुकीत डीजेवर वाजणारे गाणे माहितीपटात चालते का?

ते गाणे कोणाच्या तरी मालकीचे असते आणि ‘मी वाजवले नाही, तेच वाजवत होते’ हे उत्तर वितरकाला किंवा ओटीटी वाहिनीला पुरत नाही. हक्क विकत घेण्याची ऐपत नसेल तर चित्रीकरणाच्या वेळीच विचार करावा: गाणे संपून ढोल सुरू होईपर्यंत थांबावे, आणि ढोल, घोषणा, पावलांचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा. मारबतीच्या माझ्या फुटेजपैकी निम्मे याच कारणाने वापरता आले नाही.

सेन्सॉर प्रमाणपत्र कधी लागते?

सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार प्रमाणपत्र लागते, माहितीपटालाही. अर्ज ऑनलाइन भरतात. मंडळाचे कार्यालय नागपुरात नाही, आपले काम मुंबईतून चालते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे झाले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर पूर्वी अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे. ते २०२१ मध्ये रद्द झाल्यामुळे आता थेट उच्च न्यायालय. लहान चित्रपटाच्या खिशाला हा बदल फार जड आहे. चित्रपटात विडी-सिगारेट, खर्रा काही दिसत असेल तर तंबाखूविषयीच्या सूचना जोडाव्या लागतात, आणि विदर्भात खऱ्र्याशिवायची चौकट शोधणे कठीण आहे, हे अर्ज भरताना लक्षात येते.

महोत्सवांना मंत्रालयाकडून प्रमाणपत्राची सूट मिळू शकते. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी मात्र प्रमाणपत्र लागतेच, आणि ते त्या वर्षाच्या आतले लागते.

महोत्सवांना चित्रपट कसा पाठवावा?

थोड्या आणि नेमक्या ठिकाणी. माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव मिफ्फ, जो १९९० पासून एक वर्षाआड भरतो, आणि तिरुवनंतपुरमचा केरळचा महोत्सव हे दोन माझ्या यादीत पहिले. कथापटासाठी पुणे, गोवा, केरळ. प्रत्येक ठिकाणी शुल्क भरत गेले तर एका लघुपटाच्या निर्मितीइतका पैसा अर्जांत जातो, आणि घरबसल्या ‘सर्वोत्कृष्ट’ प्रमाणपत्र पाठवणारे पुष्कळ महोत्सव केवळ त्या शुल्कावर चालतात. महोत्सवांचा विचार असेल तोवर चित्रपट यूट्यूबवर टाकू नये. अनेकांना पहिले प्रदर्शन आपल्याकडेच हवे असते.

तयार चित्रपट इकडच्या लोकांना कोठे दाखवायचा?

ज्यांच्यावर तो आहे त्यांना सर्वांत आधी, त्यांच्याच गावात, समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरे कापड लावून. वीज जाते, कुत्री भुंकतात, लोक पडद्यावरच्या ओळखीच्या माणसांना हाका मारतात आणि संवाद ऐकू येत नाहीत. तरीही ते प्रदर्शन चुकवू नये. शहरात महाविद्यालये, वाचनालये, बुद्धविहार आणि सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारखी ठिकाणे आहेत. प्रवेश फुकट ठेवू नये, पन्नास रुपये का होईना घ्यावेत. पैसे देऊन आलेला प्रेक्षक शेवटपर्यंत बसतो आणि नंतर भांडतोही.

चित्रपट झाल्यावर उरलेल्या फुटेजचे काय करावे?

जपावे, आणि हे काम चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावे. उच्च प्रतीच्या 4-के प्रोरेस फाइली तासाला सुमारे ३३० जीबी जागा खातात. साध्या १०० मेगाबिटच्या फाइली ४५ जीबी. माहितीपटासाठी बहुतेक वेळा दुसरा पर्याय पुरतो, आणि वाचलेल्या पैशात तिसरी प्रत होते. तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. माझी एक प्रत बहिणीकडे वर्ध्याला असते.

१८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. गिरणीत काम केलेली माणसे मला भेटतात तेव्हा भोंगा, पाळ्या, पगाराचा दिवस, सगळे सांगतात. चालू सांच्याचे, म्हणजे मागाचे, गिरणीच्या आतले फुटेज मला अजून कोणाकडे मिळालेले नाही. म्हणून आज चित्रपटात न बसलेला चहाच्या टपरीवरचा तीन मिनिटांचा शॉटही मी पुसत नाही. फक्त ड्राइव्हच्या डबीवर ‘मिसलेनियस’ असे लिहू नये. तारीख, गाव, माणसाचे पूर्ण नाव आणि त्याने कशाला संमती दिली आहे, एवढे मराठीत, पक्क्या शाईने लिहावे.